गोखल्यांचे ठराव पडले, मग त्यांनी मिळवलं काय?

प्रश्न असा आला आहे: "गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून मरेपर्यंत व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात बसले. तिथं सरकारचं बहुमत आधीच ठरलेलं होतं. त्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक पडलं, गिरमिट (करारानं बांधलेल्या मजुरांना परदेशी पाठवण्याची पद्धत) बंद करण्याचा ठराव पडला. मग अर्ज-विनंत्यांपलीकडे त्यांच्या हाती लागलं काय? आणि आज वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करावी?"

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. अंदाजपत्रकं वाचायची आणि विरोधी बाकांवरच्या लोकप्रतिनिधींना भाषणासाठी टिपणं काढून द्यायची, हे काम मी सव्वीस वर्षं केलं. मतदानात आपण हरणार हे ठाऊक असताना रात्री दोन वाजेपर्यंत आकडे का तपासायचे, हा प्रश्न मला पुस्तकात भेटलेला नाही. तो दर मार्च महिन्यात माझ्या टेबलावर असायचा. त्यामुळे गोखल्यांकडे मी पुतळा म्हणून पाहत नाही. आमच्याच कामातला, आमच्याहून फार वरच्या दर्जाचा माणूस म्हणून पाहतो.

आधी ते सभागृह समजून घ्या, नाहीतर उत्तर चुकेल. १८९२ च्या कायद्याप्रमाणे बिनसरकारी सदस्याला वर्षातून एकदा अंदाजपत्रकावर बोलता येई. ठराव मांडता येत नसे, खर्चाच्या एकाही बाबीवर मतदान नसे. प्रश्न विचारता येई, पण मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. ठराव आणि उपप्रश्न आले ते १९०९ च्या सुधारणांनंतर, आणि तेव्हाही मध्यवर्ती कौन्सिलात सरकारी सदस्यांचं बहुमत कायद्यानंच पक्कं ठेवलं होतं. म्हणजे गोखल्यांच्या हातात पहिली सात-आठ वर्षं वर्षाकाठी एक अंदाजपत्रकी भाषण, आणि नंतर पडणारच असा ठराव. अशा जागी ठराव किती मंजूर झाले हे मोजणं म्हणजे विहिरीची खोली दोरीऐवजी तराजूनं मोजणं आहे.

आता २६ मार्च १९०२. कलकत्ता, अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. अर्थखात्याचे सदस्य एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. एवढी शिल्लक पूर्वी कधी पडलेली नव्हती आणि सगळे अभिनंदन करत होते. गोखल्यांचं हे पहिलंच अंदाजपत्रकी भाषण. ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही.

का, ते नीट पाहू, कारण त्यांची सगळी कारकीर्द मला या एका उदाहरणात दिसते. भारत सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठी रक्कम पौंडात चुकवावी लागे: कर्जाचं व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, इंडिया ऑफिसचा, म्हणजे लंडनमधल्या भारतखात्याचा, खर्च, लष्करी सामान. वसुली रुपयात, देणं पौंडात. १८९४-९५ च्या सुमाराला रुपयाचा भाव घसरत १३ पेन्सांवर आला होता. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एक पौंड भरायला साडेअठरा रुपयांच्या आसपास लागत. ही तूट भरून काढायची म्हणून कर वाढवले गेले आणि चढेच ठेवले गेले. लोकांना टांकसाळीत चांदीचे रुपये पाडून देणं १८९३ मध्येच बंद केलं होतं; पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला. आता तोच पौंड १५ रुपयांत मिळू लागला. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. एक कोटी पौंड पाठवायचे म्हटले तरी साडेतीन कोटी रुपयांची बचत, आणि प्रत्यक्षातली रक्कम एक कोटीहून बरीच मोठी होती. रुपया घसरला म्हणून लादलेले कर मात्र रुपया सावरल्यावरही तसेच राहिले.

गोखल्यांचं म्हणणं एवढंच होतं: ही शिल्लक भरभराटीची खूण नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा आहे. आणि हे कधी? १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ, त्यात प्लेग. लोकांची अवस्था आणि तिजोरीची अवस्था यांचा एकमेकांशी मेळच उरलेला नाही, हे त्यांनी सरकारनं छापलेल्याच आकड्यांनी दाखवून दिलं. आमच्या कामात याहून मोठं हत्यार नसतं. सरकारचाच तक्ता घ्यायचा, त्यातलेच दोन रकाने शेजारी ठेवायचे आणि मधली ओळ मोठ्यानं वाचायची. मग मंत्र्याला "ही माहिती चुकीची आहे" असं म्हणता येत नाही.

हे त्यांना आलं कुठून? लोक रानड्यांचं नाव घेतात, ते बरोबरच आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम गोखल्यांकडे विशीतच आलं आणि रानड्यांनी त्यांच्याकडून अर्ज, टिपणं, सरकारी अहवालांचे गोषवारे पुन्हा पुन्हा लिहून घेतले. महिनोन्महिने खपून केलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचं उत्तर यायचं. गोखले एकदा वैतागले. तेव्हा रानड्यांनी त्यांना सांगितलं की हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात, खरे ते लोकांसाठी असतात. या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना शिकवण्यासाठी असतात. तुम्ही 'अर्ज-विनंत्या' हा शब्द वापरला आहे ना, त्याचं उत्तर या संवादात आहे, आणि ते गोखल्यांनीच सांगून ठेवलं आहे.

पण रानड्यांच्या बरोबरीनं आणखी एक नाव घ्यायलाच हवं, आणि ते फारसं कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरला हेडमास्तर. सरकारी शाळेतल्या नोकरीमुळे उघड राजकारण शक्य नव्हतं, पण जमीनमहसूल, रेल्वे, लष्करी खर्च यांचे आकडे या माणसाइतके कुणाला माहीत नव्हते. गोखले त्यांना पत्रं लिहीत, साहित्य मागवत, भाषणाच्या तयारीत त्यांची मदत घेत. कलकत्त्यात टाळ्या गोखल्यांना मिळाल्या. त्यामागचे तक्ते बऱ्याच अंशी सोलापुरात तयार झाले होते. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या भाषणासाठी टिपणं काढली आहेत, म्हणून जोशींचं नाव आलं की मी दोन मिनिटं थांबतो.

आणि तिसरी गोष्ट अगदी साधी: गोखले गणिताचे मास्तर होते. १८८५ ला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये लागले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले, १९०२ पर्यंत शिकवत राहिले. त्यांचं अंकगणिताचं पाठ्यपुस्तक शाळांतून वर्षानुवर्षं चाललं. पुढे फर्ग्युसनमध्ये इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. त्रैराशिक मुलांच्या गळी उतरवण्याची ज्याला सवय आहे तो विनिमयाचा दर व्हाइसरॉयलाही समजावून सांगू शकतो.

या वाटेवर एक जबर ठेच आहे. ती वगळून गोखले समजणार नाहीत.

१८९७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली. भारताच्या खर्चाची चौकशी करणारं हे कमिशन. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. गोखल्यांची एकतीस वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि उलटतपासणीत ते कुठं अडखळले नाहीत. नाव झालं. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं आली: प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी घरात घुसून बायकांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते इंग्लंडमधल्या वृत्तपत्रात बोलून टाकलं. खळबळ माजली. जुलैअखेर ते मुंबईला उतरले तोवर प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन महिना उलटला होता, पुण्यात धरपकड चालू होती, आणि ज्यांनी पत्रं लिहिली त्यांपैकी पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार नव्हतं. पुरावा नाही. गोखल्यांनी गव्हर्नर सँडहर्स्ट यांची आणि सैनिकांची जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली, काँग्रेसच्या मंडपातही लोक त्यांच्याकडे पाठ फिरवू लागले.

माफी मागायला नको होती असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. जे घडलं ते खोटंच होतं असं काही माफीनं सिद्ध होत नाही. प्लेगच्या मोहिमेतला जुलूम पुण्यानं सोसलेला होता. पण जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण छापील बोललो, याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं सांगून सुटका करून घेता आली असती. तीही घेतली नाही. पुढे प्लेगच्या कामात ते स्वतः उतरले.

मला हा प्रसंग आतून कळतो. नोकरीच्या सहाव्या वर्षी मी एका सदस्याला एका योजनेच्या खर्चाचा आकडा दिला होता. जिल्ह्याच्या कार्यालयातून कुणीतरी फोनवर सांगितलेला, कागद हातात नसलेला. सभागृहात मंत्र्यांनी मंजुरीची प्रत काढून दाखवली आणि ते सदस्य अख्ख्या सभेसमोर गप्प झाले. मला ते काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या टिपणात प्रत्येक आकड्यासमोर पुस्तकाचं नाव आणि पान असे. माझं मत असं की १९०२ नंतरचे गोखले, म्हणजे मूळ कागद दोनदा पाहिल्याशिवाय एकही आकडा तोंडातून न काढणारे गोखले, १८९७ च्या त्या उन्हाळ्यात घडले.

मिठाचं पाहा. मिठावरचा कर १८८८ पासून मणामागं अडीच रुपये होता. गोखल्यांनी तो दरवर्षी धरून लावला. मीठ गरिबातला गरीब खातो, कर वाढला की खप वाढायचा थांबतो, म्हणजे माणसं आणि जनावरं दोघांच्या तोंडचं मीठ कमी होतं, हा त्यांचा मुद्दा. १९०३ मध्ये कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. १९०३ मध्येच प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १,००० वर गेली. हे सगळं गोखल्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. शिल्लक साचत होती, अर्थखात्याला ती कुठंतरी सोडायचीच होती. पण कुठं सोडायची याचं कारण दरवर्षी कुणीतरी तयार करून टेबलावर ठेवलेलं होतं. सरकार विरोधकाचं ऐकतं ते असं: त्या दिवशी उत्तरात फेटाळतं आणि पुढच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या नावानं आणतं. आमच्या व्यवसायात याला कुणी पराभव म्हणत नाही.

आता शिक्षणाचं विधेयक. याबद्दल लोकांना एवढंच ठाऊक असतं की ते पडलं. त्यात काय होतं ते कुणी पाहत नाही, आणि मला तर ते कलमं जुळवण्याच्या कौशल्याचा नमुना वाटतं. मार्च १९१० मध्ये त्यांनी आधी ठराव मांडला, सरकारनं विचार करू म्हटल्यावर मागं घेतला. वर्षभर वाट पाहून १६ मार्च १९११ ला विधेयक आणलं. देशभर एकदम सक्ती त्यात नव्हती. ज्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात तिथंच. तेही त्या नगरपालिकेनं किंवा जिल्हा बोर्डानं स्वतः ठरवलं तर. आणि सरकारची मान्यता मिळाली तर. सहा ते दहा वर्षांचे मुलगे आधी, मुलींसाठी पुढं वाढवण्याची वाट मोकळी. खर्चात स्थानिक संस्थेचा एक हिस्सा, सरकारचे दोन. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या घरातल्या मुलाला फी माफ.

हा दहा रुपयांचा आकडा वाचताना मला एक गोष्ट आठवते. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळचे वडील तो लहान असतानाच गेले. थोरल्या भावानं, गोविंदानं, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले. सात रुपयांत स्वतःचं घर चालवलं. गरिबाच्या घरात फीचा एक रुपया काय असतो हे या विधेयकाच्या कर्त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

तेव्हा परिस्थिती काय होती? १९११ च्या जनगणनेत शंभरातली सहाच्या आसपास माणसं साक्षर. गोखल्यांसमोर उदाहरण होतं बडोद्याचं: सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. एक देशी संस्थान जे करतं ते सरकारला का जमू नये, याला सरळ उत्तर नव्हतं. तरीही १९ मार्च १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडलं. सरकारी मतं होतीच, पण काही जमीनदार आणि श्रीमंत हिंदी सदस्यही विरोधात गेले, हे विसरू नये. बाजूनं उभे राहिलेल्यांत मदनमोहन मालवीय होते, तरुण जिना होते.

मतदानाआधीच्या उत्तरात गोखले म्हणाले की दिवस संपायच्या आत माझं विधेयक फेकलं जाणार हे मला माहीत आहे, माझी तक्रार नाही. यशानं देशाची सेवा करणं पुढच्या पिढ्यांच्या नशिबी असेल, आमच्या पिढीनं मुख्यतः अपयशानंच ती करायची आहे. हे भाषण मी कितीदा वाचलं असेल, तरी त्या जागी आवाज आजही जड होतो. आणि ते अपयश वाया गेलं नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात कायदा करून घेतला: नगरपालिकेनं ठरवायचं, सरकारनं मान्यता द्यायची, सहा वर्षांपूर्वीचाच सांगाडा. पडलेल्या विधेयकाचा मसुदा चांगला असेल तर तो दुसऱ्याच्या हातून उभा राहतो.

गिरमिटाची गोष्ट थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नातालला गिरमिटाचे मजूर पाठवणं बंद करावं असा ठराव गोखल्यांनी मांडला आणि तो सरकारनं स्वीकारला. १ जुलै १९११ पासून नातालची भरती थांबली. म्हणजे सगळेच ठराव पडले हेही खरं नाही. मार्च १९१२ मध्ये पूर्ण पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला, तो पडला. चार वर्षांनी मालवीयांनी तोच विषय आणला तेव्हा सरकारला मान्य करावं लागलं.

मधल्या काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. मधुमेहानं शरीर पोखरलेलं असताना. तिथला एक प्रसंग मराठी माणसानं जपून ठेवावा असा आहे. गांधींनी आग्रह धरला की इंग्रजीत बोलू नका, मराठीत बोला. श्रोत्यांत कोकणी मुसलमान आहेत, काही महाराष्ट्रीय आहेत, मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन. गोखल्यांना गंमत वाटली, तुम्हाला मराठी कुठं येतं म्हणून. पण ते मराठीत बोलले, गांधींनी भाषांतर निभावलं, आणि पुढं झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलत राहिले. तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटून ते बाहेर आले ते तीन पौंडांचा कर जाणार या खात्रीनं. गिरमिट संपल्यावर नातालमध्ये राहिलेल्या माणसावर, त्याच्या बायकोवर, मोठ्या झालेल्या मुलामुलींवर दरवर्षी बसणारा हा कर होता. गांधींना खात्री नव्हती, आणि गांधींचं खरं ठरलं. १९१३ च्या सत्याग्रहात तो कर मुख्य मागणी बनला. गोखल्यांनी अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत देशभरातून पैसा गोळा केला, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडं मदतीला पाठवलं. १९१४ मध्ये कर गेला.

चुका? आहेत. १९०७ च्या सभाबंदीच्या कायद्याला त्यांनी निकरानं विरोध केला, पण १९१० च्या प्रेस कायद्याला विरोध करायचं टाळलं. त्या कायद्यानं नंतर किती छापखाने आणि पत्रं मोडली हे पाहिलं की ते मौन मला आजही टोचतं. इंग्लंडातल्या उदारमतवाद्यांवर, विशेषतः भारतमंत्री मोर्लेंवर, त्यांनी ठेवलेला विश्वासही पुरता फळला नाही.

बाकीची माहिती तुम्हाला कुठंही मिळेल: १९०५ मध्ये बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद, त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना, मधली काही वर्षं पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद, शेवटी सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन कमिशनचं सदस्यत्व, 'सर' होण्याचा देकार १९१४ मध्ये नाकारणं, १९ फेब्रुवारी १९१५ ला अठ्ठेचाळीस वर्षांचे असताना मृत्यू. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद झाला ते टिळक सिंहगडावरून खाली आले आणि चितेपाशी त्यांनी या माणसाला हिंदुस्थानचा हिरा म्हटलं.

कुठून सुरुवात करावी? चरित्रापासून करू नका. १९०२ चं अंदाजपत्रकी भाषण घ्या, शेजारी कागद-पेन्सिल ठेवा आणि विनिमयाचा हिशेब स्वतः मांडा. अर्धा तास पुरतो. मग त्याच दिवसाचं अर्थसदस्यांचं उत्तर वाचा, म्हणजे सरकारनं कोणता मुद्दा टाळला ते कळेल. मग १९०३ चं भाषण. मग १९११ चं विधेयक, कलमांसकट. या क्रमानं गेलात तर हाताला सवय लागेल, आणि तुमच्या गावच्या नगरपालिकेचं यंदाचं अंदाजपत्रक उघडून सुधारित अंदाजाचा रकाना प्रत्यक्ष खर्चाशेजारी ठेवून बघावासा वाटेल. तसं झालं आणि कुठं अडलात, तर तो तक्ता मला पाठवा. मी पाहून सांगेन.